गाळाचं वावर

वत्सलाबाईच्या वावराला गावात कोणी चांगलं म्हणत नसे. सिन्नरच्या पूर्वेला, जिथला पाऊस डोंगरापलीकडेच संपून जातो, तिथल्या माळावर तिचं तीन एकर. दिवाळीआधी बाजरी कापली की धसकटं तशीच उभी. होळीला उभी, अक्षय्य तृतीयेलाही उभी. शेजारपाजारची वावरं नांगरून, ढेकळं फोडून तयार झालेली असत आणि हिच्या वावरात वीतभर वाळकी धसकटं, वर पश्चिमेच्या बांधावर शेराच्या चिकाळ झुडपांचं माजलेलं कूप, म्हणजे कुंपण. "वत्सलाबाईच्या वावरानं दाढी राखलीय," असं पारावर एकदा कोणीतरी म्हणालं आणि लोक दोन दिवस हसले. लोकांना हसायला फार लागत नाही.

ही दाढी तिच्या नवऱ्याने, गोटीरामने राखायला शिकवली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथं वावर नव्हतंच, नुसता मुरूम होता. भाऊबंदांच्या वाटणीत तो तुकडा गोटीरामच्या नावावर ढकलला गेला आणि त्यासाठी कोणी भांडलंसुद्धा नाही. मग अकरा उन्हाळे दोघांनी गावच्या पाझर तलावातला गाळ वाहिला. तलाव आटला की तळाशी काळाभोर गाळ भेगाळून पडायचा, तो खणायचा, बैलगाडीत भरायचा, चढावर बैल थांबले की निम्मी गाडी उतरवून डोक्यावर न्यायची. वत्सलाबाईच्या टाळूवरचे केस तेव्हा गेले ते गेलेच. त्या गाळात नखाएवढ्या पांढऱ्या शिंपल्या असायच्या. मुरमावर हातभर गाळ चढला, तेव्हा कुठं तिथं बाजरी कमरेच्या वर गेली.

"पावसानं माती नेली तर वढ्यात तरी सापडंल," गोटीराम म्हणायचा. "वाऱ्यानं नेली तर कोणाला इचारायचं?" म्हणून त्यानं पश्चिमेला शेर लावला आणि म्हणून पहिला दमदार पाऊस होईपर्यंत धसकटाला हात लावायचा नाही, असा घरातला नियम. तो जाऊन नऊ वर्षं झाली. नियम वत्सलाबाई पाळत होती.

तिचा किशोर चौतिसाचा झाला होता. सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. सकाळी जीपला लटकून जायचा, रात्रपाळी असली की उन्हं वर आल्यावर परत यायचा. मुलीवाल्यांना नोकरी लागते, वर शेतीही लागते आणि नोकरी पक्की नसली की शेती जास्त लागते. पाच ठिकाणचे लोक येऊन पोहे खाऊन गेले. पाचव्या मुलीचा चुलता बांधावर उभा राहून धसकटांकडे बघत म्हणाला होता, "हितं कसतं का कोणी?" किशोर घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

वैशाखाच्या शेवटी वत्सलाबाईच्या मावसभावाचा फोन आला. नाशिकच्या कडेला मळा असलेले हिरामण म्हणून पाहुणे, फुलं आणि भाजी करतात, मुलगी तृप्ती बारावी झालेली. फोटो बघून मुलगी हो म्हणाली आहे. "पण बाई, हा माणूस घर बघणार नाय, वावर बघणार. येत्या आयतवारी येतो म्हणला."

किशोरने फोन ठेवला आणि म्हणाला, "आई, आता वावर साफ करायचं."

"पाऊस झाल्यावर करू."

"पाऊस झाल्यावर काय करू? लगीन पाऊस झाल्यावर ठरतं का?"

"तुझ्या बापानं—"

"बापाचं लगीन झालं व्हतं," किशोर म्हणाला. "माझं नाय झालं."

पाचव्या वेळचे पोहे अजून तिच्याही घशात अडकलेले होते. रात्रभर ती कूस बदलत राहिली आणि सकाळी स्वतःच कोयता काढून पाजवायला बसली. पुढं कोणीही काहीही म्हणो, पोराला एकट्याला दोष देऊन चालणार नाही.

दोन दिवस मायलेक शेर तोडत होते. शेराचा चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळं होतं म्हणतात, म्हणून डोक्यावरून पदर, त्यावर किशोरचा जुना शर्ट, एवढ्या उन्हात असं गुंडाळून ती कोयता चालवत होती. तरी मनगटावर चीक उडाला आणि कातडी भाजल्यासारखी सोलून आली. तिसऱ्या दिवशी किशोर कामाला गेला होता. धसकटं पेटवायची राहिली होती, ती वत्सलाबाईने पेटवली. काडी तिनेच ओढली. संध्याकाळी ट्रॅक्टरवाला आला आणि त्यानं आडवा-उभा दोनदा रोटर फिरवला.

वावर चाळणीने चाळलेल्या पिठासारखं दिसू लागलं. खोटं कशाला बोलायचं, वत्सलाबाईला ते आवडलं. काळं, मऊ, काठापासून काठापर्यंत एकसारखं. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. पूर्वेला गाडीवाटेच्या पलीकडे भिकनचं वावर होतं. भिकन गोटीरामचा चुलतभाऊ. त्याच्याही वावराला वाटेच्या बाजूने शेराचं कूप होतं, सात-आठ वर्षांत कोयता न लागलेलं, कारण भिकन मुळात आळशी माणूस. तो कुपाच्या फटीतून डोकावून म्हणाला, "वयनी, आता नवरी आलीच म्हणून समजा."

शनिवारी सकाळी मावसभावाचा पुन्हा फोन आला. हिरामणची चुलती वारली. सुतक आलं. आता तेरावं झाल्यावर, पुढच्याच्या पुढच्या रविवारी येऊ.

"काय हरकत नाय," वत्सलाबाई म्हणाली. मरणाला कोण काय म्हणणार?

त्याच दुपारी वारं सुटलं.

जेठात तिकडे वारं सुटतंच, त्यात नवल काही नाही. लांबच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या महिनाभर मरगळलेल्या असतात, त्या गरगरायला लागल्या की बायका वाळवणं आत घेतात. पण दरवर्षी त्या वाऱ्यात एखादी वळवाची सर असते, माती दबून राहते. या वर्षी सर आलीच नाही. पहिल्या दिवशी वावरावरून धुरासारखं काहीतरी सरपटत जाताना दिसलं, घोट्याएवढ्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी ते कमरेएवढं झालं. तिसऱ्या दिवशी पलीकडचं भिकनचं कूप दिसेनासं झालं आणि वत्सलाबाईच्या लक्षात आलं की हे धूळ उडणं नाही, हे वावर चाललंय.

ती धावली. धावून माणूस करणार काय? विहिरीला बुडाशी दोन हात पाणी. कळशीने शेंदून तिनं बांधाच्या कडेने शिंपडलं. ओल घटकाभर टिकली, मग वरचा पापुद्रा सुकून तोही उडाला. किशोर आल्यावर दोघांनी तोडलेला शेर ओढून आडवा टाकला. वाऱ्यानं तो गोल गुंडाळून भिकनच्या कुपाला नेऊन लावला. मग बाभळीच्या फांद्या आणल्या, त्यांच्यावर दगड ठेवले. दगडाच्या मागे वीतभर माती थांबायची, तेवढीच. दोघांच्या तळहातांत काटे मोडले. भाकरी खाताना दाताखाली कचकच यायची आणि वत्सलाबाई तो घास तसाच गिळायची. थुंकवत नव्हता तिच्याने.

"आई, किती गेली आसंल गं?" किशोर एका संध्याकाळी म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते, पापण्यांवर काळं साचलेलं.

"बघ जाऊन. पाइप उघडा पडलाय."

विहिरीपासून वावराच्या मध्यापर्यंत गोटीरामने हातभर खोल पाइप पुरला होता. तो आता पांढऱ्या हाडासारखा वर दिसत होता. जागोजाग खडे वर आले होते, जणू रात्रीतून उगवले. नवव्या दिवशी पश्चिमेच्या निम्म्या वावरात पिवळा मुरूम उघडा पडला, लग्न होऊन आली तेव्हा तिनं पाहिला होता तसाच. अकरा उन्हाळे नऊ दिवसांत गेले. तिला रडू आलं आणि कोणाच्या नावाने रडावं ते कळेना, म्हणून ती मेलेल्या नवऱ्याच्या नावाने रडली.

माती कुठं गेली ते दिसत होतं. वाऱ्यानं ती सुपात घालून पाखडल्यासारखी वेगळी केली होती. जाड वाळू भिकनच्या कुपाच्या अलीकडे, गाडीवाटेवर ढीग लागून पडली. बारीक काळा गाळ कुपाच्या फटींतून पलीकडे जाऊन वारा अडला तिथं बसला, भिकनच्या तांबूस वावरात पार मध्यापर्यंत, वीत वीत जाडीचा. आणि सगळ्यात बारीक, सगळ्यात कसदार, ती कुठल्या गावाच्या पत्र्यांवर जाऊन पडली ते देवाला ठाऊक.

अकराव्या दिवशी वारं पडलं. सकाळीच वत्सलाबाई घमेलं आणि फावडं घेऊन गाडीवाटेलगतच्या भिकनच्या घराच्या दारात गेली. भिकन ओट्यावर दात घासत होता. त्याचा मुलगा दिनेश मोटारसायकल पुसत होता.

"भाऊजी, माती न्यायला आले," ती म्हणाली.

"कोणती माती?"

"आमची. तुमच्या कुपाला लागलीय ती."

भिकनने चूळ भरली. "वाटंवरची न्या की. वाट सगळ्यांची हाय."

"वाटंवर वाळू हाय. गाळ आत हाय."

"आत माझं वावर हाय, वयनी."

"मला कळतं ना. पण त्यात शिंपल्या हायेत भाऊजी, तळ्यातल्या. तुमच्या वावरात शिंपल्या कवा व्हत्या? येत्या आयतवारी पाव्हणे यायचेत. निम्मी द्या. वरवरची पसरून तरी घेते."

"आता वारा काय मी सोडला?" भिकन म्हणाला. त्याचा आवाज चिडलेला नव्हता, उलट समजावणीचा होता, आणि तेच जास्त लागलं. "तुम्ही कूप तोडलं तवा मला इचारलं नाय. मी माझं ठेवलं तर त्यात माझा काय गुन्हा? उद्या माझी माती पुढच्याच्या वावरात गेली तर तो देणार हाय का?"

वत्सलाबाई सरळ कुपाच्या फटीतून आत गेली, खाली बसली आणि हातानेच गाळ ओढून घमेल्यात भरू लागली. घमेलं भरत आलं तेव्हा भिकनची बायको नवसाबाई तिथं आली. भांडली नाही, ओरडली नाही. वत्सलाबाईच्या हातातून घमेलं घेतलं, पालथं केलं, बुडावर दोन थापा मारून चिकटलेली मातीही झाडली आणि रिकामं घमेलं तिच्या हातात परत दिलं.

"आक्का, चहा ठेवलाय," ती म्हणाली. "घेऊन जा."

वत्सलाबाईने चहा घेतला. भाऊबंदकीत चहाला नाही म्हटलं की वेगळा अर्थ होतो. कपावर दोन्ही हातांचे काळे ठसे उमटले, ते तिनं पदराने पुसून कप ठेवला.

रविवारी हिरामण आला. पांढरी टोपी, सुतकात केस उतरवलेल्या डोक्यावर नुकते खुंट आलेले. सोबत मावसभाऊ. घरात त्यानं पाण्याचा घोटही घेतला नाही, म्हणाला, "आधी वावर बघू." किशोरने आदल्या दिवशी वाटेवरची वाळू आणून उघड्या मुरमावर पसरली होती. लांबून बरं दिसत होतं. हिरामणने चप्पल काढली, अंगठ्याने वाळू सारली, खाली मुरूम लागला. दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा सारली. मग तो बांधावरच्या शेराच्या खोडांकडे गेला, बोटाने चीक सुकलेला बघितला.

"कवा तोडलं हे?"

"पंधरा-वीस दिवस झाले," किशोर म्हणाला.

"का?"

किशोरने आईकडे बघितलं. वत्सलाबाई म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून. धसकटं व्हती, कूप माजलं व्हतं. चांगलं दिसावं म्हणून साफ केलं."

हिरामणने खोडावरचा सुकलेला चीक नखाने खरवडला. मळेवाला माणूस, त्याच्या नखांत माती होती. "तुमच्या भावानं मला सांगितलं, बाईनं मुरमावर तळ्याचा गाळ चढवलाय. म्हणून मी आलो," तो म्हणाला. "नाय तर या माळावर कोण पोरगी देतं? धसकटं आन् कूप दिसलं आसतं ना बाई, तर मी हितंच सुपारी फोडली आसती. जे घर माती राखतं ते पोरगी राखतंच."

वत्सलाबाईला वाटलं, जमीन उघडावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण तिथं आता जमीन तरी कुठं होती.

परतताना हिरामण गाडीवाटेवर थांबला. भिकनच्या कुपातून आत वाकून त्यानं मूठभर काळी माती उचलली, हुंगली, तळहातावर मळली. त्यातली शिंपली अंगठ्याने बाजूला केली. भिकन पलीकडे उभाच होता, जणू वाट बघत.

"ही माती तुमची?" हिरामणने विचारलं.

भिकनने क्षणभर वत्सलाबाईकडे बघितलं. मग म्हणाला, "वावर माझं हाय."

"कूप तुम्ही राखलं?"

"राखलं की," आळशी भिकन म्हणाला.

मोटारसायकलवरून दिनेश तेवढ्यात वाटेने आला. पाहुणे बघून त्यानं गाडी बंद केली आणि वाकून पाया पडला. हिरामणने त्याला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. किशोर तिथून निघून गेला. वत्सलाबाई मात्र शेवटपर्यंत थांबली, कारण पाहुण्याला वाटेला लावल्याशिवाय जायचं नसतं.

महिन्याभरात दिनेशचं आणि तृप्तीचं ठरलं. मावसभावाने येऊन तोंड पाडून सांगितलं, "बाई, मी काय करू? त्यांनी परस्पर बोलणी केली." किशोर भिंतीकडे तोंड करून पडला होता. "मला वाटलंच व्हतं," एवढं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जीपने कामाला गेला. जीपमध्ये दिनेशच्या लग्नाचंच बोलणं चाललं असणार. ते त्यानं सिन्नर येईपर्यंत ऐकलं असणार.

पाऊस उशिरा आला. मुरमावर पेरलेली बाजरी वीतभर येऊन पिवळी पडली. कणसं आली ती बोटाएवढी, धड चिमण्याही फिरकल्या नाहीत. भिकनची बाजरी माणूस बुडेल एवढी झाली. तो पारावर बसून सांगू लागला, मातीत कस पाहिजे.

तुळशीचं लग्न झाल्यावर दिनेशचं लग्न धरलं. लग्न नाशिकच्या लॉन्सवर, पण हळद घरी आणि दारात मातीचं बहुलं, नवरदेवाला बसवायचा ओटा. नवसाबाई स्वतः बोलावायला आली.

"आक्का, भाऊबंदांत तुम्हीच मोठ्या. तुम्ही यायचंच." मग जरा घुटमळली. "बहुल्याची माती तेवढी आणून मळून द्या. गाळाचीच चांगली राहती, चिरत नाय. हळदीचं काय ते सवाष्णी बघतील."

म्हणजे माती वाहायला विधवा चालते. हळदीच्या वाटीला तिचा हात लागला तर विटाळ होतो. वत्सलाबाईने हे आजवर दुसऱ्या बायकांच्या बाबतीत पाहिलं होतं आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं.

"नको जाऊ," किशोर म्हणाला. तो दारात बूट बांधत होता.

"न जाऊन काय व्हईल? लोक म्हणतील, पोराचं जमलं नाय म्हणून जळती." तिनं घमेलं उचललं. "जाते."

भिकनच्या वावरात कुपाच्या आडोशाला गाळ अजून तसाच होता, पावसाने दबून घट्ट बसलेला. तिनं कुदळ मारली. पहिल्याच घावाला काळं ढेकूळ निघालं, तळातून खणलेल्या गाळासारखं, आणि त्याचा तो वास आला. गोटीरामच्या सदऱ्याला यायचा तो. ती तशीच वाकून राहिली. मग चुंबळ करून टाळूवर ठेवली, घमेलं चढवलं. वीस-पंचवीस वर्षांनी डोक्याला तेच ओझं, त्याच जागी.

मांडवात डीजे वाजत होता. चार खेपा झाल्या, पाच झाल्या. बायका हसत होत्या, कोणी तिला म्हणालं, "आक्का, अजून गडी आहात." सहाव्या खेपेला घमेलं डोक्यावर घेऊन ती गाडीवाटेवर आली आणि मांडवाकडे वळायच्या ऐवजी समोर चालत राहिली. आपल्या वावरात शिरली. पिवळ्या मुरमात बाजरीची खुरटी धसकटं उभी होती. या वर्षी त्यांना कोणी हात लावला नव्हता. दोन ओळींच्या मध्ये तिनं घमेलं ओतलं, तळहाताने थापलं, वर धसकटांची काडी आडवी घातली. तीन एकरांत तेवढं काळं ताटाएवढं दिसत होतं.

ती परत गेली, पुन्हा खणलं, घमेलं भरलं आणि मांडवात नेलं.

नवसाबाई वाटच बघत होती. "आक्का, लय वेळ लावला?"

"एक घमेलं सांडलं वाटंत," वत्सलाबाई म्हणाली आणि पाणी मागून माती मळायला बसली.